तीन डबे आणि तीन आळी

देऊळघाटच्या रुखमाबाईला माणसाचं नाव एखादे वेळी आठवत नसे, पण त्या माणसानं कोणत्या साली आपल्याकडून कशाचं बी नेलं, ते मात्र पक्कं आठवे. रस्त्यात कुणी रामराम घातला की ती डोळे बारीक करून म्हणे, "तू नाई का, पोरीच्या लग्नाच्या साली दोडक्याचं बी नेलं होतं? कडू निघाला होता एक वेल." समोरचा चाट पडे. पोरीला आता दोन लेकरं झालेली असत आणि दोडका तो कधीच विसरून गेलेला असे.

गावातून बाहेर पडताना उजव्या हाताला तिची वाडी होती. दीड एकर काळी जमीन, एक विहीर, कडेला शेवगा. अकराव्या वर्षी लग्न होऊन ती या वाडीत आली ती पुन्हा बाहेर पडलीच नाही म्हणा ना. नवरा किसनराव मुलखाचा अबोल. दोघांचा संसार वांग्यांविषयी बोलण्यात गेला, आणि त्यात बोलणारी एकटी ती. किसनराव गेला तरी तिचं बोलणं थांबलं नाही. मधला माणूस गेल्यामुळे ती आता थेट वांग्यांशीच बोलू लागली.

महाराष्ट्र तेव्हा नवा नवा होता. पंचायत समित्या निघाल्या होत्या, त्यांच्या कचेऱ्यांना चुन्याचा वास येत होता, आणि अशाच एका कचेरीत, मेहकरला, रुखमाबाईचा एकुलता एक पंजाबराव कारकून म्हणून चिकटला होता. त्याचं लग्न नुकतंच झालेलं. बायको अमडापूरची, नाव शालू. पण शालू देऊळघाटात आणि पंजाबराव मेहकरात, असा हा संसार दोन एस. ट्या बदलून दर रविवारी एकत्र येई. कारण सरळ होतं. म्हातारी आई एकटी टाकून बायकोला घेऊन जायचं त्याच्या मनाला पटत नव्हतं आणि आई तर वाडी सोडायला तयार नव्हती.

मग दर रविवारी तोच प्रवेश, तीच भाषणं.

"आई, चाल ना मेहकरले. दोन खोल्या हायेत, नळ हाये."

"माती हाये का?"

"माडीवर माती कुठून येईन? समोर फरशीची गच्ची हाये, मोठी."

"मंग मी थ्या फरशीवर काय पापड वाळवू जन्मभर?"

"पावसाळ्यात विहिरीच्या पायरीवरून घसरली होतीस. दोन घंटे पडून होतीस, कोणाले पत्ता नाई."

"पडली तं मातीत पडली. तुह्या फरशीवर पडली असती तं कंबर राह्यली असती का जाग्यावर?"

दाराआड शालूच्या बांगड्या जरा वाजत आणि गप्प होत. संध्याकाळच्या गाडीनं पंजाबराव एकटाच परत जाई.

संक्रांत झाल्यावरच्या रविवारी मात्र त्यानं खिशातून एक कागदाची पुडी काढली. कचेरीत कुठून तरी नमुन्याचं बी आलं होतं. भोपळ्याच्या जातीचं, पण परमुलखातलं. साहेबांनी वाटून टाकलं होतं.

"म्हणतात, याची भाजी गिलक्या-दोडक्यासारखी लागते," तो म्हणाला. "अन् डब्यातबी येते. गच्चीवर लावता येईन तुले."

रुखमाबाई हसली. तिचं हसणं असं की शेजारचा उकंडराव आपलं काम टाकून बघायला आला. हा तिचा धाकटा दीर. गावात कुठंही दोन माणसांचं वाजलं की पंच म्हणून मध्ये जाऊन बसायची त्याला भारी हौस.

"भाऊजी, ऐकलं का? तुमचा पुतण्या भोपळा डब्यात लावून राह्यला. अरे, भोपळ्याचं मूळ हातहातभर पसरते. त्याले डब्यात घालणं म्हंजे हत्तीले पाळण्यात निजवणं!"

आणि तेव्हा दाराआडून आवाज आला. बारीक, पण स्पष्ट.

"मी लावून दाखवते."

नवी सून चार माणसांत बोलली होती. मग उकंडरावानं मांडी घातली. त्याचा दिवस सोन्याचा झाला होता.

पैज ठरली ती अशी. शालूचे ओट्यावर तीन डबे, रुखमाबाईची वाडीत तीन आळी. बी एकच, दिवस एकच. पाडव्याच्या सकाळपर्यंत ज्याची फळं जास्त तोडली जातील तो जिंकला. डबे जिंकले तर रुखमाबाईनं मुकाट्यानं मेहकरला जायचं. वाडी जिंकली तर पंजाबरावानं मेहकरचं नाव पुन्हा या घरात काढायचं नाही. रोजची फळं उकंडराव मोजणार आणि ओट्याच्या भिंतीवर कोळशानं रेघा ओढणार.

शालूनं घासलेटचे तीन रिकामे डबे मिळवले, बुडाला खिळ्यानं भोकं पाडली, त्यात वाडीतली माती, कुजलेलं शेणखत आणि चुलीतली राख कालवून भरली. "माती तं माह्यीच नेली," रुखमाबाई म्हणाली. "उधारीच्या पलटणीवर लढाई जिंकणार म्हणते पोरगी." पण शेणखत कमी पडतंय असं दिसलं तेव्हा तिनंच एक टोपलं आणून डब्यांपाशी आदळलं. झाड कुणाचंही असो, उपाशी तिच्यानं बघवत नसे.

वाडीत तिनं कशात कसूर केली नाही. गुडघाभर खोल आळी खणली, आणि रोपं चार पानांवर आली तशी भोपळ्याच्या वेलासाठी चांगला डोक्याइतका मांडव घातला. बांबू, तुराट्या, सुतळी, सगळं कसं झकास. मग ती वेल चढायची वाट पाहू लागली. आठ दिवस झाले, पंधरा झाले. झाड रुंद झालं, पानं सुपाएवढी झाली, पण वर काही सरकेना. ती रोज शेंडा उचलून बांबूला टेकवी. रोज तो पुन्हा खाली बसे.

"वयनी," उकंडराव बांधावरून म्हणाला, "मांडव पडला, आता वाजंत्री सांगू का? नवरी तं उठूनच नाई राह्यली."

"लाजून राह्यली थे. तुमी जा बरं."

पण नवरी उठलीच नाही. हा भोपळा वेलाचा नव्हताच. बसल्या जागी झुडपासारखा वाढणारा होता. गावानं त्याचं नाव बसका भोपळा ठेवलं, आणि मांडवावर रुखमाबाईनं गुपचूप वालाचा वेल सोडून दिला. विचारलं तर म्हणे, "मांडव वालासाठीच होता."

ओट्यावरचे डबे उन्हानं तापत. शालूनं त्यांना ओलं गोणपाट गुंडाळलं, सकाळ-संध्याकाळ दोन वेळा पाणी घातलं. झाडं फोफावली, फुलंही आली. पण मादी फुलांच्या मागची बोटाएवढी फळं पिवळी पडून गळू लागली. वाडीत वालाच्या फुलांवर मधमाश्यांची जत्रा. ओट्यावर माशी कुठून येतेय? शालू गळालेली फळं तळहातावर घेऊन उभी राही.

तीन दिवस रुखमाबाईनं बघितलं. जिंकायला एवढं पुरे होतं. फक्त बघत राहायचं होतं. चौथ्या सकाळी तिच्या जिवाला राहवलं नाही. तिनं एक नर फूल खुडलं, त्याच्या पाकळ्या सोलल्या, आणि आतली पिवळी दांडी एकेका मादी फुलात हलकेच फिरवली. बापानं लहानपणी दाखवलेली ही विद्या तिनं कुणाला सांगितली नव्हती.

"हे काय केलं, आत्याबाई?" शालूनं विचारलं.

"लग्न लावलं. रोज सकाळी लावायचं, फुलं मिटायच्या आत. अन् गुमान राह्य, कोणाले सांगू नको म्या सांगतलं म्हणून."

आठ दिवसांत तिन्ही डब्यांत तुळतुळीत हिरवी फळं धरली, आणि मग रुखमाबाईच्या ध्यानात आलं.

आपल्या हातानं आपण काय करून बसलो! ती वाडीत शेवग्याखाली बसली आणि तिनं सगळीकडे नजर फिरवली. विहीर, पाट, वांग्यांच्या ओळी. मेहकरच्या माडीवरून काय दिसतं? दुसऱ्याची माडी. किसनरावानं जिथं पहिल्या वर्षी तिला न बोलता पिकलेली पपई दिली होती तो बांध तिथून दिसणार होता का? नाही. काहीतरी करायला हवं होतं.

जुन्या माणसांचा नेम असा की वेलाच्या कोवळ्या फळाला बोट दाखवायचं नाही. बोट दाखवलं की फळ सडतं. दाखवायचंच झालं तर मूठ वळून दाखवायचं. रुखमाबाईनं साठ वर्षांत हा नेम मोडला नव्हता. त्या दुपारी शालू धुणं घेऊन गेल्यावर ती ओट्यावर आली, इकडेतिकडे पाहिलं, आणि उजव्या हाताचं पहिलं बोट लांबच्या लांब ताणून एकेका फळावर रोखलं. एकूण सात. खून केल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सातही फळं दोन दोन बोटं वाढलेली.

"घोर कलियुग आलं," ती मनाशी म्हणाली, आणि विळा हातात घेतला.

त्या दिवसापासून पहाटे शालू अंघोळीला गेली की डब्यातलं एखादं वीतभर फळ कमी व्हायला लागलं. रुखमाबाई ते ओच्यात दडवून वाडीत नेई. पुरावा ठेवायचा नाही म्हणून तीन दगडांच्या चुलीवर मीठ-मिरची टाकून परते आणि भाकरीबरोबर खाऊन टाके. पहिल्या घासाला ती थबकली. लोण्यासारखं मऊ, जराशी गोडी. "चोरीचं म्हणून लागत असन गोड," असं तिनं स्वतःला समजावलं.

"आत्याबाई, माह्यी फळं कोण नेऊन राह्यलं?" शालूनं विचारलं.

"खार असन."

"खार?"

"लय माजल्या खारी औंदा."

शालूनं देठाकडं एकदा निरखून पाहिलं. मग खारीनं खायच्या आत आपणच तोडलेलं बरं, असं म्हणून ती फळं वीतभर झाली की तोडू लागली. उकंडराव रेघा ओढू लागला. गंमत अशी की डब्यातलं एक फळ गेलं की दोन यायची. रुखमाबाई जितकी चोरी करी, तितकं झाड चेव आल्यासारखं फळे. विळ्याची धार गेली, पण डबे आटोपेनात.

आणि वाडीत? वाडीत सगळं रीतीनं चाललं होतं. तिन्ही झाडांचं पहिलं फळ देवीचं आणि बियाण्याचं, ते तोडायचं नाही, पिकू द्यायचं. हीच या घराची रीत होती. बाकीचीही कोवळी तोडायची नाहीत. पोटातलं लेकरू ओढून काढावं तसं ते, असं तिची सासू म्हणे. म्हणून तिनं एकेक फळ सावकाश वाढू दिलं. ते मांडीएवढं झालं, तंबोऱ्याच्या भोपळ्याशी बरोबरी करू लागलं. उकंडराव दोन हातांनी उचलून म्हणे, "वा! फळ म्हणावं तं हे." पण रेघ मात्र एकच ओढे. आणि ती फळं अंगावर घेऊन बसलेली झाडं नवीन फूल धरेनात. आतून भाजी काथ्यासारखी निघाली. पंजाबराव एका रविवारी तिचा घास चावता चावता बसची वेळ चुकवता झाला.

रुखमाबाईच्या ते हळूहळू ध्यानात आलं. पाडव्याच्या चार दिवस आधी ती आळ्यापाशी उकिडवी बसली होती. एका झाडाचा बियाण्याचा भोपळा पिवळाधमक होऊन पडला होता आणि त्या झाडाची पानं थकलेल्या गायीच्या कानांसारखी लोंबत होती. हे झाड वेगळ्या जातीचं. याचं कोवळं तोडलं तरच हे पुढचं देतं, राखून ठेवलं तर संप करतं. डब्यांना हे औषध तिनंच पाजलं होतं, चोरून. वाडीला मात्र तिनं प्रेमानं उपाशी मारलं होतं. पण आता चार दिवसांत काय होणार?

पाडव्याच्या सकाळी गुढी उभी राहिली, पंजाबराव आला, आणि उकंडरावानं भिंतीपुढं उभं राहून घसा खाकरला. रेघा मोजायला त्यानं मुद्दाम वेळ घेतला.

"डबे, सव्वीस. वाडी," तो थांबला, "अकरा."

पंजाबरावाला हसू आवरेना, पण आईकडं बघून त्यानं ते आवरलं. शब्द दिला तो दिला. रुखमाबाईनं पदर खोचला आणि विचारलं, "कवाची गाडी हाये?"

एवढ्यावर सगळं मिटलं असतं. पण उकंडराव हळहळला आणि सांत्वनाला म्हणाला, "मनाले लावून घेऊ नका, वयनी. तुमचं काई चुकलं नाई. रानच म्हातारं झालं. कस गेला त्याचा. आता तिथं काई येत नाई."

रुखमाबाई अशी उठली की गुढीवरचा गडू हालला.

"काय म्हणाले? म्हातारं? माह्या रानाले?"

"म्हंजे, डब्यानं हारवलं ना त्याले..."

"डब्यानं नाई हारवलं. म्या हारवलं!" तिनं छातीवर हात ठेवला. "ऐका सगळे. रानात म्या फळं राखली म्हणून झाडं थांबली. या झाडाची कोवळीच तोडावी लागतात. अन् डब्यातली कोवळी तोडली म्हणून डबे फळले. थे तोडणारी कोण, ठाऊक हाये? खार नाई. मी. महिनाभर चोरून राह्यली मी सुनेची फळं. मले चोट्टी म्हणा, खोटारडी म्हणा. पण रानावर आळ घ्याल तं याद राखा!"

पंजाबरावाचं तोंड उघडं राहिलं होतं. उकंडरावानं भिंतीवरच्या रेघांकडं पाहिलं. मग त्यानं अगदी गंभीरपणे विचारलं, "किती चोरली, वयनी?"

"तेवीस."

उकंडरावानं कोळसा उचलला आणि डब्यांच्या बाजूला तेवीस रेघा ओढायला सुरुवात केली.

"हे काय करून राह्यले भाऊजी?"

"पैज काय होती? तोडलेली फळं मोजायची. कोणी तोडली हे कुठी ठरलं होतं? डबे एकोणपन्नास, वाडी अकरा." त्यानं हात झटकले. "न्याय म्हंजे न्याय."

पहिल्यांदा पंजाबराव हसत सुटला. मग उकंडराव. मग खुद्द रुखमाबाईला असं हसू लोटलं की ती ओट्यावर बसली आणि तिनं डोळ्याला पदर लावला. हसता हसता तिचं लक्ष शालूकडं गेलं. शालू हसत नव्हती. खाली मान घालून पायाच्या अंगठ्यानं ओटा उकरत होती.

"काय वं? राग आला माह्या? येऊ दे. बोल मले दोन शब्द."

"राग कायचा, आत्याबाई?" शालू पुटपुटली. "मले ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"खार दातानं कुरतडते. देठ विळ्यानं थोडीच कापते?"

"मंग बोलली काऊन नाई?"

"दोन दिवस लय राग आला. मंग पाह्यलं, तुमी नेलं की दोन येतात." शालूचा आवाज आणखी बारीक झाला. "मंग मीच अंघोळीले जायच्या आंधी पानं बाजूले सारून ठेवत होती. तुमाले लवकर दिसावं म्हणून."

रुखमाबाईनं सुनेकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. साठ वर्षांत तिला इतक्या सफाईनं कुणी नाचवलं नव्हतं. तिनं दोन्ही हातांनी शालूच्या कानशिलांवरून बोटं ओढून कडाकडा मोडली.

"पंजाबा," ती म्हणाली, "हिच्या भरवशावर कुठीबी येते मी. सामान बांध."

वाडी उकंडरावाकडं करायला दिली, पण त्याला आळ्यापाशी उभं करून, बसक्या भोपळ्याचं वीतभर फळ तोडण्याचा धडा तीनदा म्हणवून घेतल्यावरच. चौथ्यांदा तो चुकला, म्हणून गाडी सुटली आणि सगळे दुसऱ्या गाडीनं निघाले.

मेहकरात पहिले दोन दिवस रुखमाबाई गच्चीच्या कठड्याला टेकून उभी होती. तिसऱ्या दिवशी ती खाली उतरली आणि गल्लीतल्या घराघरांत जाऊन ओळख करून घेऊ लागली. ओळखीचा मजकूर एकच. "रिकामा डबा हाये का?" आठवड्याभरात गच्चीवर सोळा डबे, दोन फुटके माठ आणि कुणाची तरी गळकी बादली जमली. डब्यांची सोय झाली, मातीची राहिली. ती पंजाबरावावर आली.

रोज कचेरीत जाण्याआधी पांढरा पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून, सायकलच्या मागं पोतं बांधून पंजाबराव पैनगंगेच्या काठावरून माती आणू लागला. वाटेत एक दिवस कचेरीतले साहेबच भेटले. पोत्याकडं पाहून म्हणाले, "काय पंजाबराव, बांधकाम काढलं वाटतं?"

"नाई साहेब. आईले मातीतून काढून आणलं होतं, म्हणून..." त्यानं पोत्याकडं बोट केलं. साहेब पुढं गेले.

पोतं खांद्यावर घेऊन, धापा टाकत तो माडीच्या सतरा पायऱ्या चढला. रुखमाबाईनं पोत्यात हात घातला, मूठभर माती काढली, चुरगाळली, वास घेतला. शालू डब्याला भोकं पाडायची थांबून बघत होती.

"ही वाळू हाये रे, पंजाबा," रुखमाबाई म्हणाली. "वरच्या अंगाले पिंपळ हाये ना, त्याच्या बुडाची आण. अन् जाऊन राह्यलाच हायेस तं दोन पोती घेऊन जाय."